वळणावरच्या बाईसाहेब

क्लूनमोर, शॅनन नदीकाठ
६ जानेवारी

प्रिय बर्टी,

तुमचं नाताळचं कार्ड वेळेवर पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही विचारलं होतंत एवढंच, ‘पॅकी कसा आहे?’ आणि त्याचं उत्तर कार्डाच्या मागच्या बाजूवर मावेना.

बाबा बरे नाहीत. आजार म्हणावा असं काही नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले. पण सप्टेंबरात आईला माती दिली तेव्हापासून ते चुलीसमोरच्या खुर्चीत बसले आहेत ते बसलेच. नावेकडे एकदाही गेले नाहीत. थंडी पडायच्या आत नाव मीच काठावर ओढून उलटी करून ठेवली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला चला म्हटलं की म्हणतात, “तू जा. माझ्या वाटची प्रार्थना पण म्हणून ये.” मी म्हणतो. देव हिशेबाला कडक नसावा अशी आशा आहे.

आज आमच्याकडे बायकांचा नाताळ. आजच्या दिवशी बायकांनी चुलीला हात लावायचा नाही, पुरुषांनी करून घालायचं. बाबा वर्षातून तेवढा एकच दिवस तवा हातात घ्यायचे, दरवर्षी अंडी करपवायचे, आणि आई दरवर्षी ‘वा’ म्हणून खायची. आज सकाळी मी उठून आलो तर त्यांनी अंडी तळून ठेवली होती. करपली नव्हती. ताटल्या तीन मांडल्या होत्या. माझ्याकडे बघितलं, तिसरी उचलून कपाटात ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. खाल्लं काहीच नाही.

अट्रॅक्टा नाताळात येऊन गेली. माझी बहीण बोलायला तिखट आहे, पण मनानं वाईट नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणाली, “फिंटन, तू दिवसभर शाळेची बस चालवणार, आणि हे इथं एकटे विझत जाणार. ईस्टरपर्यंत बघते. तोवर उठून हिंडायला-फिरायला लागले नाहीत तर मी त्यांना अथलोनला नेणार.” तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तिनं जागा धरून ठेवली आहे. मी जाऊन बघून आलो. स्वच्छ आहे. मोटारी उभ्या करायची जागा खिडकीतून छान दिसते.

बाबा आयुष्यभर नदीवर गेले, आणि आई फाटकाशी उभी राहून रोज तेच म्हणायची, “जा. उशीर करू नकोस.” आता ते म्हणणारं कोणी नाही, म्हणून ते जात नाहीत, असं मला कधी कधी वाटतं.

तुम्ही दरवर्षीसारखे फेब्रुवारीत येणार ना? तुम्ही आलात तर कदाचित उठतील. दुसऱ्या कुणाशी भांडायला त्यांना इतकं आवडत नाही.

तुमचा,
फिंटन बियर्न


ईलीजवळ
१५ जानेवारी

प्रिय फिंटन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

फोन करावा असं मनात आलं होतं, पण मला ऐकू येत नाही आणि तुझा बाप फोनवर गुराख्यासारखा ओरडतो. तेव्हा पत्रच बरं.

यंदा मला यायला जमणार नाही. गुडघा. डॉक्टर म्हणतो नावेत चढ-उतार बंद. त्याच्याशी वाद घालून झाला आहे.

सोबतच्या खोक्यात माझा मासे दाखवणारा डबा आहे. होय, तोच. ज्याला पॅकीनं पंधरा वर्षं नावेत पाऊल ठेवू दिलं नाही. “ए इंग्रजा, तो टीव्ही घरी ठेव. नदी बघायला आलायस की सिनेमा?” मी नवा घेतला आहे, त्यामुळे हा नुसता पडून होता.

वापरायचा कसा ते सांगतो. त्या वायरच्या टोकाला असलेला बोंडा म्हणजे त्याचा डोळा. तो काठीला बांध आणि काठी नावेच्या मागच्या फळीला आवळून टाक. डोळा पाण्याखाली वीतभर तरी असू दे, नाहीतर वाहत्या पाण्याचे बुडबुडे त्याच्यासमोर येतात आणि त्याला बुडबुड्यांपलीकडे काही दिसत नाही. बॅटरी थंडीत लवकर मरते, कोटाच्या आतल्या खिशात ठेव. नाव हळू वल्हवत नदी आडवी कापत जा. पडद्यावर तळाची रेघ दिसेल. ती कुठं खाली उतरते ते बघ. खोल वळणावर तुला ढग दिसेल. तो म्हणजे रोच, चंदेरी बारीक मासे, थंडीत तिथं गर्दी करून राहतात.

पाईक स्वतः क्वचितच दिसते. एवढी मोठी शिकारी मासळी, पण तळाला चिकटून ओंडक्यासारखी पडलेली असते आणि डबा तिला तळच समजतो. तू तिला शोधू नकोस. तिचं जेवण शोध, ती जवळच असेल. आणि नाव उभी करताना, नांगराचे दगड सोडायच्या आधी, डोळा पाण्यातून वर घे. दोर अडकून काठी मोडेल. दगड सोडून झाले की मग परत बुडव.

पॅकीला माझा एवढाच निरोप सांग: या डब्याला शॅनन त्याच्यापेक्षा जास्त कळते. बाकी काही बोलू नकोस.

आमच्या चॅपेलात मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. पंथ वेगळे असले तरी आमची आणि तुमची प्रार्थना वर गेल्यावर एकाच खोलीत जात असावी असा माझा समज आहे.

बर्टी हेलॉक


क्लूनमोर
४ फेब्रुवारी

प्रिय बर्टी,

तुमचे किती आभार मानू!

डबा आला त्या दिवशी मी तो टेबलावर ठेवला. बाबांनी मान वळवून बघितलं आणि परत विस्तवाकडे केली. आठवडाभर त्यावर धूळ बसली. संत ब्रिजिडच्या दिवशी मी गवताचा क्रूस विणून दारावर लावला, आईच्या मागं यंदा पहिल्यांदाच मी विणला, वाकडा झाला. बाबा म्हणाले, “वाकडा आहे.” कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले, म्हणून मीही धीर केला.

“बर्टीचा निरोप आहे,” मी म्हटलं.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, या डब्याला शॅनन तुमच्यापेक्षा जास्त कळते.”

 मग खुर्ची करकरली. “माझा कोट कुठाय?”

आम्ही परवा शनिवारी गेलो. नाव सरळ करून पाण्यात लोटताना त्यांनी मला दोराला हात लावू दिला नाही. तुम्ही सांगितलंत तसं मी नदी कापत वल्हवत गेलो. बाबा पाठ फिरवून बसले होते. “आता काय दाखवतो तुझा टीव्ही?” “तळ खाली चाललाय, बाबा.” “ते मला तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे.” मोठ्या वळणावर ढग लागला. खरोखर ढग! तळापासून कमरेएवढा वर, दाट. फक्त बुडालेल्या आल्डर झाडापाशी त्याला भोक पडलं होतं, कसर लागलेल्या घोंगडीसारखं. परत त्यावरून गेलो तरी तिथंच भोक. बॅटरी खिशात ठेवायला मी विसरलो होतो, त्यामुळे डबा कुरकुरत असेल.

मग बाबांनीच नाव उभी केली. पुढचा दगड तळाला, मागचा हातभर वर टांगलेला, आजोबांच्या रीतीनं. ‘तिथं खाली जुनी लाकडं आहेत, टेकवलास की गेला दगड. टांगून ठेव, तेवढ्यानंही नावेची शेपटी फारशी डुलत नाही.’ हे मी लहानपणापासून ऐकतो आहे. या खेपेला ऐकून बरं वाटलं.

काठी परत बुडवली आणि बर्टी, ती तिथं होती. तळाच्या जरा वर एक जाड, सलग रेघ. हलत नाही, डुलत नाही, आमच्या खाली स्वस्थ उभी. मी ओरडलोच, “बाबा, बघा! बघा!” बाबा वळले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पडद्याकडे.

“मोठी आहे,” म्हणाले.

तुम्ही लिहिलंत पाईक क्वचितच दिसते. आम्हाला पहिल्याच दिवशी दिसली. ही देवाचीच कृपा, आणि त्याच्या खालोखाल तुमची. गळाला लागलं काहीच नाही. पण घरी आल्यावर बाबांनी बटाटे मागून घेतले.

फिंटन


ईलीजवळ
१३ फेब्रुवारी

प्रिय फिंटन,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं वाचलं. बटाट्यांचा भाग दोनदा.

पॅकी पुढं रोज जेवतो का? झोपतो का? पुन्हा गेलात का?

एक सहज विचारतो. काठी तू मागच्या फळीला डाव्या अंगाला बांधलीस की उजव्या? आणि ती रेघ नाव चालत असताना दिसते, की उभी केल्यावरच? घाई नाही. म्हातारा माणूस आहे, चित्र डोळ्यांसमोर नीट उभं राहावं म्हणून विचारतो. नदी मला आता अशीच बघायची आहे.

गुडघा तसाच.

बर्टी


क्लूनमोर
२७ फेब्रुवारी

प्रिय बर्टी,

काठी उजव्या अंगाला, दगडाच्या दोराजवळ, कारण फळी तिथंच मजबूत आहे. आणि गंमत म्हणजे चालत असताना ती कधीच दिसत नाही. आम्ही उभे राहिलो की येते. जणू वाट बघत असते. मागच्या शनिवारी जागा जराशी बदलली, तर तिथंही आली! बाबा म्हणाले, “मानी आहे. आपण जाऊन भेटायचं नाही, तिनं यायचं.” आता तिचं नाव बाईसाहेब.

शनिवार-रविवार आमची फेरी ठरलेली. बाबा मिस्साला येतात, कारण मिस्सा संपल्यावर तिथूनच नावेकडे जाता येतं. फादरांनी दारात हात धरला, “पॅकी, देवाला तुमची आठवण येत होती.” बाबा म्हणाले, “देवाला सांगा, बाईसाहेब खोळंबल्यात.” फादरांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं.

नावेत बसून बाबा तिच्याशी बोलतात. गळाला कधी रोच लावतात, कधी बोंबील वाटावा असा तो वास मारणारा लहान समुद्री मासा, तुम्हाला आवडायचा तो. “घ्या बाईसाहेब, आज इंग्लिश जेवण.” घेत नाही. “उपवास आहे वाटतं,” म्हणतात. रविवारी बोलता बोलता आईवर आले. म्हणाले, “डेलिया पण अशीच. बोलावलं की यायची नाही. लग्नाआधी वर्षभर मी त्यांच्या घरावरून सायकल नेली, पडदा हलला नाही. नंतर सांगितलं, रोज पडद्यामागंच असायची.” आईचं नाव त्यांच्या तोंडून सप्टेंबरनंतर पहिल्यांदा ऐकलं. मी वल्ह्याकडे बघत बसलो.

अट्रॅक्टा आली होती. बाबा काठावर चिखलात उभे, तिला म्हणाले, “बाजूला हो पोरी, दोरावर पाय पडतोय.” ती खूप दिवसांनी हसली. पण वृद्धाश्रमातली जागा सोडलेली नाही. म्हणते, ईस्टर होऊ दे.

आता माझी काळजी सांगतो. परवा बाबा म्हणाले, “ईस्टरच्या आत एकदा तिला हातात घेऊन बघायचं. मग काही मागणं नाही.” आणि ती तर तोंड उघडत नाही. उन्हं वाढली की पाईक अंडी घालायला उथळ पाण्यात निघून जातील. एके दिवशी रेघ दिसणार नाही, आणि बाबा परत खुर्चीत जाऊन बसतील. मग मी काय करू? तुम्हाला काही युक्ती माहीत असेल तर लवकर कळवा. रोज जपमाळेचे दहा मणी मी तुमच्या गुडघ्यासाठी ओढतो.

फिंटन


ईलीजवळ
७ मार्च

प्रिय फिंटन,

हे पत्र पॅकीसमोर वाचू नकोस. शाळेच्या बसमध्ये वाच, पोरं उतरल्यावर.

रेघ दिसल्याचं तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली. दुसऱ्यानं खात्री झाली. ती रेघ पाईक नाही. तो तुमचा मागचा दगड आहे.

डोळा दगडाच्या बरोबर वर आहे. दगड तळापासून हातभर वर टांगलेला. डबा खालचं सगळं इमानानं दाखवतो, त्याला दगड काय नि मासा काय. चालताना दगड नावेत असतो, म्हणून रेघ नसते. उभे राहिलात की दगड पाण्यात, म्हणून रेघ येते. जागा बदललीत, तिथंही आली. आणि दगड सोडताना डोळा वर काढायला मीच सांगितलं, त्यामुळे तो खाली उतरताना तुला दिसला नाही. बाकी जगात नाव बांधणारे लोक दगड तळाला टेकवतात. टांगून ठेवणारं एक तुमचंच घराणं मला माहीत आहे, आणि मी पंधरा वर्षं त्या दगडाच्या बाजूला बसून सँडविच खाल्ली आहेत. तरी काठी मागच्या फळीला बांध म्हणून लिहिलं.

लगेच का सांगितलं नाही? कारण तो बटाटे खात होता. दगडामुळे माणूस जेवत असेल तर मी कोण दगडाला दगड म्हणणारा? पण आता तू विचारतो आहेस काय करू, आणि खोट्या माशाची युक्ती मी खऱ्या मित्राला सांगू शकत नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. त्याला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस.

पण थांब, पत्र टाकून देऊ नकोस. रेघेबद्दलच्या त्या पहिल्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तू एका ओळीत उडवून लावलीस. आल्डरच्या झाडापाशी ढगाला पडलेलं भोक. तू म्हणालास डबा कुरकुरत होता. डबा कुरकुरला तर सगळीकडे कुरकुरतो. परत गेलास तरी भोक त्याच जागी, म्हणजे ते नावेबरोबर येत नाही, नदीत आहे. रोच रिकामी जागा उगाच सोडत नाहीत. दगडाला ते घाबरत नाहीत, दगडाभोवती तुमचा ढग दाटच होता. त्या झाडापाशी तळाला असं काही पडलं आहे, ज्याच्यापासून सगळे अंतर राखून आहेत. डब्याला ते दिसत नाही. माशांना दिसतं.

दगड तुझ्याखाली होता. ती तिथं आहे.

आणि खरं सांगायला बसलोच आहे तर सगळंच सांगतो. माझं दुखणं गुडघ्याचं नाही, हृदयाचं आहे. एकट्यानं नाव चालवायची नाही असं सांगितलं आहे आणि इथं माझ्याबरोबर यायला कोणी उरलं नाही. नवा डबा मी घेतलेला नाही. तुझ्याकडे आहे तोच एक. कपाटात पडलेला बघवेना म्हणून पाठवला. तुझी पत्रं आली की मी त्या वळणावर असतो, फिंटन. यासाठी तुझे उपकार किती झाले ते तुला कळणार नाही.

बर्टी


ईलीजवळ
२५ मार्च

फिंटन,

उत्तर नाही. रागावलास का? की पॅकीला सांगितलंस आणि तो परत खुर्चीत गेला? तसं झालं असेल तर मी लिहायला नको होतं. एक ओळ लिही. वाईट असली तरी लिही.

बर्टी


क्लूनमोर
३१ मार्च

प्रिय बर्टी,

रागावलो नाही. तुम्हाला इतकं थांबायला लावलं याचीच लाज वाटते. का थांबावं लागलं ते शेवटी कळेल.

तुमचं पत्र मी बसमध्येच वाचलं, आणि मग प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिलं. सांगायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या शनिवारी संत पॅट्रिकच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. वारा गार होता. रेघ आली. बाबा म्हणाले, “नमस्कार बाईसाहेब.”  आधी मी ओरडायचो, “आली, आली!” या खेपेला मी दोर आवरत बसलो.

बाबांनी गळ खाली ठेवला. “बर्टीनं सांगितलं वाटतं.”

“काय सांगितलं?”

“ती दगड आहे म्हणून.”

मी पडद्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“फिंटन, तो दगड माझ्या बापानं भोक पाडून आणला. साठ वर्षं मी तो खाली सोडतोय. मला माझा दगड ओळखू येणार नाही? तुझा डबा पहिल्या दिवशी चालू झाला आणि मी मनात म्हटलं, अरे, हा तर आपला धोंडा, टीव्हीवर!”

“मग बोलला का नाहीत?”

ते पाण्याकडे बघत होते. “तू ओरडलास ना, ‘बाबा, बघा’ म्हणून. तुझं तोंड बघितलं मी. आई गेल्यापासून तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून माझ्याकडे बघत होतास, फिंटन, दुसरं काही करत नव्हतास. बस चालवायची, येऊन माझ्याकडे बघायचं. मला वाटलं, हे पोर माझ्याआधी जाणार. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुझी मान वर झाली. मी मनाशी म्हटलं, दगड असला म्हणून काय झालं? पोराला नदीवर आणायचं तर आपण यायला पाहिजे.”

“मी तुम्हाला आणत होतो,” मी म्हटलं.

“असेल. मी तुला आणत होतो.”

बर्टी, मग आम्ही दोघं हसायला लागलो. मी रडतही असेन. नाव इतकी हलली की बाबा म्हणाले, “बाईसाहेब घाबरतील.” म्हणून परत हसलो. जेवणं, मिस्सा, आईचं नाव, हे सगळं त्या दगडाच्या आधारानं परत आलं होतं. आता तो दगड आहे हे दोघांनाही ठाऊक, तरी काही गेलं नाही. मी मनातल्या मनात आभार मानले. कुणाचे म्हणून वेगळं काढलं नाही, सगळ्यांचे एकत्रच.

मग मी त्यांना भोकाचं सांगितलं. ते हसायचे थांबले. “परत सांग.” मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, डब्याला ते दिसत नाही, माशांना दिसतं. बाबा आल्डरकडे बघत राहिले. “हे मला माहीत नव्हतं,” म्हणाले. “इंग्रजाला डोकं आहे.” हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ते पुन्हा म्हणणार नाहीत.

दगड वर घेतले. रेघ गेली. झाडाच्या वरच्या अंगाला मी नाव अलगद नेली. भोक तिथंच होतं, सगळीकडे ढग आणि मध्ये काहीच नाही. तिथून मागं सरून लांबवर उभे राहिलो. बाबांनी रोच लावला आणि असा टाकला की वाहत जाऊन झाडाच्या मुळाशी बसावा. आम्ही बोललो नाही. चहाही काढला नाही. बाटलीच्या बुचाएवढा गळाचा लाल तरंगा पाण्यावर उभा होता. मग तो आडवा निघाला, अगदी सावकाश, कुणीतरी हात धरून नेत असल्यासारखा, आणि खाली गेला.

बाबांनी मला गळ दिला नाही. मी मागितलाही नाही. दोनदा ती झाडाखाली घुसली, दोनदा त्यांनी तिला बाहेर काढलं, शिव्या घालत, मग माफी मागत, मग परत शिव्या. जाळ्यात आली तेव्हा मला आधी ओंडकाच वाटला. नावेच्या फळीवर ओली चटई पसरून तिला ठेवली तर तोंड माझ्या गुडघ्याशी आणि शेपूट बाबांच्या बुटाशी. पोट अंड्यांनी भरलेलं. हिरव्या अंगावर पिवळे ठिपके, जसं पानांतून ऊन पडावं. बाबांनी पक्कडीनं गळ सोडवला, तिच्या जबड्याला हात न लावता, किती महिन्यांनी, पण बोटं चुकली नाहीत.

मग तिला पाण्यात धरली, शेपटीशी, प्रवाहाकडे तोंड करून. बराच वेळ. ती श्वास घेत होती आणि बाबाही. शेवटी शेपटीनं जोर केला, तेव्हा त्यांनी हात उघडला. म्हणाले, “जा. उशीर करू नकोस.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

अट्रॅक्टा परवा आली. बाबांनी तिला तो सगळा प्रसंग सांगितला, दोन्ही हात पसरून. दर वेळी हात आणखी लांब जात होते. मग ती निघाली. बाहेर मोटारीपाशी मला म्हणाली, “वृद्धाश्रमाला मी कळवून टाकते. पण त्यांच्या त्या चिखलाच्या बुटांचं काहीतरी कर.”

आता उशीर का झाला ते. मी दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो होतो. तुमच्या हृदयाचं आणि एकाच डब्याचं मी बाबांना सांगितलं. लपवायला मला आता जमत नाही.  मग म्हणाले, “थांब, टाकू नकोस. मला पण लिहायचंय.” शाळा सोडल्यानंतर त्यांनी कुणाला पत्र लिहिलं असेल असं वाटत नाही, घरात लिहायचं काम आईचं. टेबलाशी बसायचे, कागद फाडायचे. मला विचारू दिलं नाही. आज सकाळी हा कागद दिला, घडी घालून. मी वाचलेला नाही. सोबत जोडतो.

तुमचा कृतज्ञ,
फिंटन


बर्टी,

फिंटन म्हणतो तुझा गुडघा ठीक आहे. पंधरा वर्षांत तू माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोललास. मी पण बोललो, पोराशी, दगडाबद्दल. तेव्हा सोडून देऊ.

डबा परत पाठवणार नाही. तो इथं आहे. तुला पाहिजे असेल तर तू इथं ये. नावेत नेईन त्याला. आता ओरडणार नाही.

नावेत चढायला फळी केली आहे, रुंद, आडव्या पट्ट्या मारून. पाय घसरणार नाही. बसायच्या जागेला पाठ लावली. वल्ही फिंटन मारेल. गळ तू धर, जड लागली तर मी धरतो, मग म्हण तूच काढली. कुणाला सांगणार नाही.

चढ-उतार बंद म्हणालास. चढायचं तर एकदाच आहे. उतरवायला आम्ही दोघं आहोत.

डेलियानं मला पत्रं कशी लिहायची ते सांगितलं नाही. तेव्हा एवढंच.

तू बसलास की नाव हलता कामा नये. म्हणून मागचा दगड मी तळाला टेकवणार. लाकडात अडकला तर अडकला. नदीत दगड पुष्कळ आहेत. इंग्रज एकच आहे.

पॅकी